अर्जुनरावांचं नियोजित यान

अकरा वर्षांत आपल्या दुकानातून एकही चुकीचा फ्लेक्स बाहेर पडला नाही, असं अंगद छातीठोकपणे सांगायचा. आणि ते खरंही होतं! वडवणीच्या स्टँडसमोरच्या चौकात जेवढे फ्लेक्स लागत, त्यातले निम्मे तरी त्याच्या मशीनमधून निघालेले असत. वाढदिवस, निवड, फेरनिवड, नवीन ट्रॅक्टर, दशक्रिया, पोराला दहावीत पडलेले पंचावन्न टक्के, सगळं त्यानं छापलं होतं. एकदा तर त्यानं एका बैलाचं अभीष्टचिंतन छापलं होतं, आणि त्यातही मालकाचा फोटो बैलापेक्षा दोन सूत मोठा ठेवायला तो विसरला नव्हता.

फ्लेक्सवरचा मजकूर कोणी वाचत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. माणूस आधी आपलं डोकं शोधतो. मग शेजारचं डोकं आपल्यापेक्षा मोठं आहे का ते बघतो. मग एक तर चहा पाजतो, नाहीतर भांडायला येतो! म्हणून अंगद डोकी मिलिमीटरमध्ये मोजायचा. वरच्या पट्टीत मोठ्या साहेबांची डोकी, डाव्या कडेला उत्सवमूर्ती, खालच्या पट्टीत शुभेच्छुक, आणि मधल्या मोकळ्या जागेत विकास. विकास म्हणजे धरण, रस्ता किंवा पवनचक्की, ज्याला जे परवडेल ते.

पण या माणसाला एक चोरटा नाद होता, आणि तो फक्त त्याच्या बायकोला, वैष्णवीला, ठाऊक होता, पण चित्र त्यानं तिलाही दाखवलं नव्हतं. अंगद यान काढत होता! अंतराळातलं यान. पुण्याच्या विज्ञानकथावाल्या कुठल्याशा मंडळानं स्पर्धा लावली होती. ‘मध्यम आकाराचे विज्ञान व मैत्री यान’ असा विषय होता, चित्र काढायचं आणि सोबत यानाची रचना आणि क्षमता लिहायची. अंगदनं मोबाइलवर ते वाचलं आणि दोन महिने गिऱ्हाइकांच्या डोक्यांच्या अधूनमधून तो त्या यानाला भिडला.

यानाचं नाव त्यानं आपल्या नदीवरून ‘सिंदफणा’ ठेवलं. लांबी दोनशे चाळीस मीटर, चौदा मजले, एकशे ऐंशी जणांच्या राहण्याची सोय. चार प्रयोगशाळा. वीस खाटांचं रुग्णालय. दोन छोटी होडीयानं. हत्यारं म्हणाल तर स्वसंरक्षणापुरती, कारण हे यान भांडायला जात नाही, ओळखी करून घ्यायला जातं. आणि बरोबर मध्यभागी परग्रहावरच्या पाहुण्यांसाठी मैत्री दालन! त्यात गोल टेबल, म्हणजे वरची जागा कोणाची हा तंटाच नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळी हवा सोडायची व्यवस्था. आणि समोरासमोर दोन दारं, एकाच उंचीची, एकाच वेळी उघडणारी, म्हणजे आधी आत कोण गेलं यावरून कोणी रुसायला नको. ही अक्कल त्याला पुस्तकातून आलेली नव्हती. अर्जुनराव आणि राधाकिशन या दोन पुढाऱ्यांना एकदा हरिनाम सप्ताहाच्या फ्लेक्सवर शेजारी शेजारी बसवावं लागलं होतं, तेव्हापासून ती आली होती.

आता घोटाळा कसा झाला ते सांगायला हवं. अर्जुनराव म्हणजे शेजारच्या कवठवाडीचे, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. त्यांच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स करायचा होता. त्यांचा उजवा हात शिवशंकर यानं दुपारी येऊन सगळी डोकी पास केली, आपलं स्वतःचं डोकं तीन मिलिमीटरनं वाढवून घेतलं आणि जाता जाता म्हणाला, “मदी विकासाचं कायतरी टाक बे. धरन नको, मागच्या बारीला टाकलंतं.”

शिवशंकर गेला. पडद्यावर सगळी डोकी जागच्या जागी, आणि मधे रिकामं. अंगदला वाटलं, आपलं यान मोठ्या आकारात कसं दिसेल ते जरा बघावं. आता नुसतं यान बघितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण अकरा वर्षांत त्याच्या डोळ्याला अशी सवय लागली होती, की वर-खाली डोकी नसली की कुठलंही चित्र त्याला उघडंबोडकं वाटायचं! लग्नात काढलेला स्वतःचा आणि वैष्णवीचा फोटोसुद्धा त्याला कधी पुरा वाटला नव्हता. म्हणून त्यानं यान उचललं आणि रचना-क्षमतेच्या मजकुरासकट अर्जुनरावांच्या शेजारी ठेवलं. काय दिसत होतं! अर्जुनराव हात जोडून उभे, आणि त्यांच्या खांद्यामागून सिंदफणा निघालेलं. अंगद दोन मिनिटं बघतच राहिला. हाताच्या सवयीनं त्यानं ते सेव्ह केलं आणि जेवायला घरी गेला, तो त्या दिवशी दुकानात परतलाच नाही.

मशीन वैष्णवी चालवायची. तिनं फाइल बघितली, ‘अर्जुनराव फायनल फायनल तीन’, आणि छापायला सोडली. फ्लेक्स छापून निघाला, शिवशंकरच्या माणसांनी गुंडाळून नेला आणि संध्याकाळच्या आत चौकात लावूनही टाकला. लावताना शिवशंकर जातीनं हजर होता. आपलं डोकं बघून त्याचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी वडवणीचा आठवडी बाजार. अंगद सकाळी दुकानाकडे येत होता, तर चौकात ही गर्दी! अपघात झाला असावा म्हणून तो वाकून बघायला लागला आणि त्यानं मान वर केली.

तो पळतच दुकानात आला. “वैष्णवी! त्या फ्लेक्सच्या मदी काय छापलंस?”

“तुमी ठिवलंतं तेच.”

“अगं, ते यान हाय!”

“मला काय म्हाईत! मला वाटलं विकास हाय.”

बाहेर एरवी कोणी न वाचणारा मजकूर लोक आज मोठ्यानं वाचत होते. डोकी बाजूला राहिली! एक म्हातारा वाचायचा, दहा जण ऐकायचे.

“एकशे ऐंशी जनांची सोय. म्हंजी एकशे ऐंशी जागा निगनार.”

“वीस खाटांचा दवाखाना लिवलाय.”

“परग्रहावरचे पाव्हने येनारेत म्हनं.”

“येऊ द्या की. भाकरीला काय कमी हाय का आपल्याकडं?”

“समदं खरं. पन मध्यम आकाराचं कावून? बीडला मोठं देनार आन् आमाला मध्यम?”

हा शेवटचा मुद्दा बाजारात असा फिरला, की अकरा वाजेपर्यंत निम्म्या बाजाराला यान मिळाल्याचा आनंद होता आणि उरलेल्या निम्म्याला ते मध्यम असल्याचा राग. अंगदनं शटर अर्धं खाली ओढलं. दुकानाचा गाळा अर्जुनरावांचाच होता. आज वाढदिवसाच्या दिवशी आपल्याला गाळ्याबाहेर काढतात की आधी चौकात उभं करून मग बाहेर काढतात, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

बाराच्या सुमाराला पांढरी गाडी दारात थांबली. अर्जुनराव एकटेच आत आले, गळ्यात चार हार, कपाळाला गुलाल. त्यांनी स्वतःच्या हातानं शटर पूर्ण खाली ओढलं. वैष्णवीनं मशीन बंद केलं. अंगदनं डोळे मिटले.

“अंगद,” अर्जुनराव हळू आवाजात म्हणाले, “हे काय हाय, एवढं मला सांग.”

“आण्णा, चुकी झाली...”

“चुकीचं ऱ्हाऊ दे. सकाळपासून त्रेचाळीस फोन आलेत. समदे अभिनंदन करायलेत. शेलूचा सरपंच हार घेऊन आला, जो माझ्या पोराच्या लग्नाला आला न्हाई! मी मंजूर करून आनलंय म्हनं. मग मी काय मंजूर केलंय ते मला म्हाईत नको का?”

अंगदनं सांगितलं. घाबरत सुरुवात केली, पण यानाचं पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं, त्यामुळे प्रयोगशाळांपर्यंत येईतो त्याची भीड गेली. इंजिनं कुठं आहेत, पाणी पुन्हा पुन्हा कसं वापरतात, पाहुण्याची हवा वेगळी असली तर काय करायचं! अर्जुनराव मान डोलवत ऐकत होते. दोन दारांचं आलं तेव्हा ते म्हणाले, “हे लई बेस केलंस. राधाकिशन आला तरी अडचन न्हाई.”

“पन आण्णा, हे असं काही न्हाई. चित्र हाय. स्पर्धेसाठी काढलंतं.”

“म्हंजी अजून झालेलं न्हाई.”

“न्हाई.”

“म्हंजी नियोजित.”

“तसं न्हाई आण्णा...”

“नियोजितच म्हनायचं!” अर्जुनराव उठले. “आन् हे बग, चौकात लागल्यावर मागं घेता येत न्हाई. मी शब्दाचा पक्का मानूस हाय. आता फक्त जागा बगावी लागंल.”

अंगदला वाटलं, सुटलो. गाळा वाचला, हाडं वाचली. त्यानं वैष्णवीला समोरच्या हॉटेलातून भजी मागवून खायला घातली.

पण जागा खरोखरच बघितली गेली! कवठवाडीच्या मागे बावीस एकर गायरान होतं. अर्जुनरावांची माणसं तिथं गेली आणि त्यांनी पावलं टाकून दोनशे चाळीस मीटर मोजले. शिवशंकरनं चुना टाकून यानाचा नकाशा जमिनीवर आखला. पुढची निमुळती बाजू, पोट, दोन्ही अंगांची इंजिनं, सगळं! मधे मैत्री दालनाचा गोल. मग गावभर सांगितलं गेलं, की येत्या सोमवारी ग्रामसभा, आणि त्यात गायरान प्रकल्पासाठी राखून ठेवायचा ठराव. एकदा ठराव झाला की लगेच तारेचं कुंपण.

राधाकिशन गप्प बसणारा माणूस नव्हता. यान असूच शकत नाही, असं त्यानं म्हणायला हवं होतं. ते तो म्हणाला नाही! तो म्हणाला, यान आमच्या गटात का नाही? खालच्या आळीवर अन्याय का? आणि मध्यमवर समाधान मानणारं नेतृत्व काय कामाचं? त्यानं तहसीलसमोर बसायचा इशारा दिला. त्याचा फ्लेक्स अंगदनंच छापला, कारण धंद्यात पक्ष नसतो.

शनिवारी सटवा आला. सटवा म्हणजे कवठवाडीचा मेंढपाळ. सव्वाशे मेंढरं होती त्याची, आणि बाप-आज्यापासून ती त्याच गायरानात चरत होती. अंगद लहान असताना सटवानं त्याला एकदा कोकरू हातात धरायला दिलं होतं, तेवढीच काय ती ओळख. काठी दाराबाहेर उभी करून तो आत आला, घोंगडीवर बसायची सवय असल्यानं खुर्ची नको म्हणाला आणि मशीनशेजारी खाली बसला. 

“पानी घ्या तात्या,” वैष्णवी म्हणाली.

तो पाणी प्याला. मग म्हणाला, “अंगद, ते तूच काढलंयस म्हनं.”

“काय तात्या?”

“यान. शिवशंकर म्हनला, लांबी-रुंदी समदी अंगदच्या हातात हाय.” त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “म्हनून आलो बाबा. थोडं आखूड कर की.”

अंगदनं हातातला माउस खाली ठेवला.

“लई न्हाई म्हनत मी. साठ-सत्तर मीटर कमी कर. त्याचं श्येपूट पार वढ्यापत्तुर आलंय. मेंढरं पान्यावर कशी जायाची? तेवढी वाट ऱ्हाऊ दे. बाकी तुमचं यान येऊ द्या, माझं काय म्हननं न्हाई. गावाचं भलं व्हायलंय.”

“तात्या, ते खरं न्हाई हो! नुसतं चित्र हाय.”

सटवानं त्याच्याकडे बघितलं. रागावला नव्हता तो. लहान पोराची समजूत घालावी तसा म्हणाला, “चुन्यानं आखलंय लेकरा. चित्र कसं?”

तो गेल्यावर अंगदचं कामात लक्ष लागेना. एका डोहाळजेवणाच्या फ्लेक्सवर त्यानं सासूपेक्षा आत्याबाईचं डोकं मोठं केलं, आणि वैष्णवीनं वेळीच बघितलं म्हणून दोन कुटुंबं वाचली. त्याला स्वतःची लाज वाटत होती. दोन महिने तो परग्रहावरच्या पाहुण्यांच्या हवेची काळजी करत बसला होता, आणि गावातल्या माणसाची वाट त्यानंच बंद केली होती!

“ग्रामसभेत उभं ऱ्हावा आन् खरं सांगून टाका,” वैष्णवी म्हणाली.

“गाळा जाईल.”

“जाऊ द्या.”

“तू म्हनतीस सोपं. आण्णाला सगळ्या गावासमोर खोटं पाडायचं?”

“मग मेंढरांला सांगा, वढ्याचं पानी बंद म्हनून.”



सोमवारी सकाळी दहा वाजता कवठवाडीच्या शाळेसमोर मंडप घातला होता. चौकातला फ्लेक्स सोडवून आणून मागे बांधला होता. अर्जुनराव आले, राधाकिशन आला, आणि दोघांच्या खुर्च्या एका रेषेत आहेत ना हे दोघांच्या माणसांनी दोरी लावून बघितलं. सटवा मंडपाच्या बाहेर, उन्हात, काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मेंढरं तो सोबतच घेऊन आला होता, कारण त्यांना ठेवायचं कुठं हाच तर त्याचा प्रश्न होता.

ग्रामसेवकानं ठराव वाचायला घेतला. “गट नंबर अमुक, गायरान क्षेत्र बावीस एकर, नियोजित विज्ञान व मैत्री यान प्रकल्पासाठी...”

“थांबा!” अंगद उभा राहिला.

सगळ्या माना वळल्या. फ्लेक्सवरची डोकी मोजणं वेगळं आणि खरी डोकी आपल्याकडे बघत असताना बोलणं वेगळं!  खोटं आहे, असं म्हणायचं होतं. तो शब्द ओठापर्यंत आला, समोर अर्जुनरावांचा चेहरा दिसला, आणि शब्द परत गेला. अंगदनं मागच्या फ्लेक्सकडे बघितलं. दोन महिने जीव लावून काढलेलं ते यान. त्याच्याबद्दल जे खरं होतं, तेच त्याच्या तोंडून निघालं.

“हे यान जमिनीवर उतरतच न्हाई!”



“म्हंजी?” शिवशंकरनं विचारलं.

“म्हंजी ते वरच बांदतेत आन् वरच ऱ्हातंय. खाली आलं तर आपल्याच वजनानं मोडंल. त्याची रचनाच तशी हाय. जायचं-यायचं त्या दोन छोट्या होडीयानांतून. त्यांना एक खळं बास हाय. चित्रात बगा ना! चाकं कुठं हायत?”

अख्ख्या ग्रामसभेनं फ्लेक्सकडे बघितलं. पुढची माणसं उठून जवळ गेली. एकानं यानाच्या पोटावरून बोट फिरवून खात्री केली.

“न्हाईत बे खरंच! चाकं न्हाईत.”

“आन् आमी चार दिस झालं गायरान मोजायलोय?”

परग्रह, चौदा मजले, वेगवेगळी हवा यांवर कोणी शंका घेतली नव्हती, पण चाकांचा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. ज्याला चाकं नाहीत, त्याला जागा कशाला? राधाकिशन तर खुर्चीतून उठलाच.

“बगा मंडळी, बगा! ह्यांनी बिनचाकाचं यान मंजूर करून आनलंय! फसवून घातलं ह्यांला! आधीच मध्यम, त्यात बिनचाकाचं!”

लोक हसले. अर्जुनरावांचा चेहरा वाढदिवसाच्या गुलालासारखा झाला. त्यांनी अंगदकडे जे बघितलं, त्यात गाळा, शटर, मशीन सगळं एका नजरेत बाहेर फेकलेलं होतं.  पण मंडपाबाहेर काठीवरची हनुवटी जराशी वर उचलली गेली होती, ती त्याला दिसली.

“फसवलं न्हाई!” तो ओरडलाच. “आण्णांनी मुद्दाम तसलं मागितलं! गायरान जायला नको म्हनून!”

अर्जुनराव तीन सेकंद थांबले. फार नाही, तीनच! मग ते उभे राहिले, जाकीट खाली ओढलं, आणि त्यांचा सभेतला आवाज लागला.

“वरचे सायब म्हनले, अर्जुनराव, चाकाचं घ्या, चाकाचं घ्या! मी म्हनलं, न्हाई! माझ्या गावच्या मेंढराच्या तोंडचा घास काडून मला यान नको! गायरानातला एक गुंठा बी जाऊ देनार न्हाई!”

टाळ्या! मंडपाच्या कनाती हलल्या. आता राधाकिशनची पंचाईत झाली. गायरान वाचवायच्या विरोधात बोलावं तर गाव तुटून पडणार. त्यानं वेळ घालवला नाही. “बिनचाकाच्या यानाची मागनी पयली आमची!” तो म्हणाला. “आमी पाठपुरावा केला म्हनूनच चाकं निगाली!”

“मग ठरावच करा,” मागून बाईचा आवाज आला. तो वैष्णवीचा होता. दुकान बंद करून ती कधी येऊन बसली होती, अंगदला कळलंही नव्हतं. “दोगांचं बी एकच म्हननं हाय तर लिवून टाका, गायरान चराईलाच ऱ्हाईल म्हनून.”

सूचक अर्जुनराव, अनुमोदक राधाकिशन. कवठवाडीच्या इतिहासात हे पहिल्यांदा झालं! ग्रामसेवकानं दोन वेळा विचारून मग लिहिलं. सभा संपता संपता एका तरुणानं हात वर केला.

“त्या एकशे ऐंशी जागांचं काय?”

अंगद आता सरावला होता. “जागा हायत. पन एकदा वर गेलं की सहा वर्षं घरी येता येत न्हाई.”

“दिवाळीला बी न्हाई?”

“न्हाई.”

तरुणानं शेजारच्याकडे बघितलं. “मग ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याच आठवड्यात अंगदनं दोन फ्लेक्स छापले. एका फ्लेक्सवर ‘एक गुंठाही जमीन न घेता यान आणल्याबद्दल अर्जुनरावांचे आभार’, दुसऱ्यावर ‘राधाकिशनभाऊंच्या पाठपुराव्याला यश’. दोन्हींवर यान तेच, डोकी वेगळी. यान वर आहे म्हटल्यावर ते नाही असं कोणाला म्हणता येत नव्हतं, त्यामुळे लोकांनी तो विषय प्रकल्प पूर्ण झाल्यासारखा बंद केला. गाळा शाबूत राहिला. पुण्याच्या स्पर्धेची मुदत मात्र त्या सोमवारीच संपली होती. पाठवायचं राहूनच गेलं! अंगदनं वैष्णवीला सांगितलं, की परीक्षकांना तसंही ते समजलं नसतं. तिनं नुसता मशीनला नवीन रोल चढवला, आणि त्याला जास्त वाईट वाटलं.

महिन्याभरानं तो घोंगडी बघायला म्हणून सटवाकडे गेला. खरं म्हणजे मेंढरं पाण्यावर जातात का, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. चुन्याच्या रेघा पुसल्या होत्या. ओढ्याच्या वाटेवर खुरांचे ताजे ठसे होते. आणि गायरानाच्या मधोमध बाभळीच्या चार मेढी रोवून सटवानं कोकरांसाठी आडोसा केला होता. त्यावर ग्रामसभेतलं वीस बाय दहाचं सिंदफणा ताणून बांधलेलं! चित्राची बाजू खाली होती. अंगद वाकून आत शिरला. डोक्यावर चौदाच्या चौदा मजले, चारही प्रयोगशाळा, आणि मैत्री दालनाच्या बरोबर खाली सात-आठ कोकरं एकमेकांना चिकटून झोपलेली. एका कोपऱ्यात शिवशंकरचं डोकं होतं, त्यातून सुतळी ओवली होती.

अंगदचे डोळे भरून आले. त्याचं यान इतकं मन लावून कोणीच वापरलं नसतं, पुण्यातही नाही.

“कसं हाय तात्या?” त्यानं विचारलं. 

सटवा बाहेरून वाकला. त्यानं आडोशाची कड चाचपली, वर बघितलं आणि मान हलवली.

“तसं बरं हाय. पन धा फूट लांब पायजे होतं बाबा. तिकल्ल्या अंगानं ऊन आत येतंय.”

अंगदनं खिशातून टेप काढला आणि ती बाजू मोजायला घेतली.